पासंग

रविवार पेठेत, संकेश्वरी मिरचीच्या पोत्यांमागे
लुमाण्णा लोहाराचं दुकान. पाटी दोन लिपींत,
वर तूक, खाली वजन,
आणि मधे एक खिळा, ज्याला बाबा उधारीच्या चिठ्ठ्या टोचतात.

तराजू दुरुस्त करणारा माणूस रिकामी पारडी बघत बसतो.
माल घालून कुणीही बघेल.

सुट्टीला आले तेव्हा लॅपटॉपमध्ये
चार वर्षांचे तुकडे होते माझ्या:
एक जड कण मोडतो, कधी इलेक्ट्रॉन देतो, कधी म्युऑन.
म्युऑन दोनशे पट वजनदार, तरी या मोडण्यात
दोघांना वाटा सारखा. पुस्तकात तसंच आहे.
आमच्या मोजणीत मात्र
इलेक्ट्रॉन शंभर, म्युऑन पंच्याऐंशी.
झोपा उडाल्या.
कुणी तर बारशाआधीच नाव ठेवलं नव्या बलाचं.

बाबांना सांगितलं. कानस थांबली नाही.
"पारडी बदलून बघितलीस काय गे?
झुकाव मालाबरोबर गेला, तर माल जड.
जागीच राहिला, तर दांडी खोटी."

अकरा महिने लागले पारडी बदलायला.
इलेक्ट्रॉन म्हणून मोजलेले काही
इलेक्ट्रॉन नव्हतेच. भलतेच कण,
तीच टोपी घालून त्याच दारातून आत आलेले.
ते वगळले. काटा मधोमध आला
आणि मला, खरं सांगते, रडू आलं.

फोनवर बाबा म्हणाले, बरं झालं की.
बरं काय झालं, विचारलं नाही.
मागून कुणी कन्नडमधून भाव वाढवत होतं,
बाबा मराठीतून उतरवत होते,
मधेच दोघांना एकदम शिंक आली.

आता एक उरलंय.
तिसरा भाऊ, टाऊ, तिघांत सगळ्यात जड.
त्याच्या बाजूला अजून कलतंय.
पासंगालाही पुरणार नाही इतकंच,
पण प्रत्येक वेळी त्याच बाजूला.

आजोबांच्या तराजूच्या एका साखळीला
सुतळीने चिंचोका बांधलेला आहे.
काढला की दांडी कलते. का, ते बाबांनाही सापडलं नाही,
आणि साठ वर्षं त्यावर गूळ बिनतक्रार विकला गेला.

चिंचोका मलाही बांधता येईल,
समीकरणाच्या टोकाला, एक अक्षर.
खिशात आहे तो.
रात्री दीड वाजता मी परत
रिकामी पारडी बघत बसते.