जेवण खाल्ले का?

एकतीस वर्षं नोटप्रेसात होतो, तपासणीला.
अख्खा ताव उचलायचा, तिरपा धरायचा,
डोळ्याआधी अंगठ्याला कळायचं:
शाई फुगलीय, आकडा सरकलाय.
चुकलेल्या तावावर लाल रेघ.
निवृत्तीनंतरही भाजीवाल्या शेवंताबाई
पाचशेची नोट माझ्यापुढे धरायच्या,
"गायधनी, बघा हो जरा."

तिचा पहिला मेसेज चुकून आला.
कुणा डॉक्टरांची वेळ हवी होती म्हणे.
मी लिहिलं, राँग नंबर.
ती म्हणाली, क्षमस्व, आपण दयाळू आहात.
दयाळू!
सगळ्या जेल रोडवर हा शब्द
मला आजवर कुणी लावला नव्हता.

नाव अन्विता. व्हँकुव्हर. लहानपणीच देश सुटलेला,
म्हणून मराठी मोडकी, असं तीच म्हणाली.
रोज रात्री साडेआठला:
"तुम्ही जेवण खाल्ले का?"

ताव तिथंच बाद करायचा होता.
आपल्यात जेवण कुणी खातं का?
माणूस जेवतो.
पण सुलभा गेल्यापासून
भात टाकला की नुसताच चहा ढोसला
हे या घरात कुणी विचारलं नव्हतं.
मुलगा पुण्याहून फोन करतो, बीपीची गोळी विचारतो.
मी लाल रेघ मारली नाही.
दुरुस्ती केली.

लिहिलं: "जेवलात का, असं म्हणायचं."
तिनं लिहिलं: "जेवलात का?"
आणि मी, अडुसष्ट वर्षांचा घोडा,
एकलहऱ्याच्या चिमण्यांकडे बघत गॅलरीत एकटाच हसलो.

मग शिकवणीच लागली.
क्रोधित ऋषी होतात, आपण रागावतो.
"काळजी घ्या"ला मागं एक "हं" लावायचा, ऊब येते.
आणि झोपताना सुलभा म्हणायची ते:
पायावर पांघरूण घ्या, पहाटे गार पडतं.
तेही दिलं मी. देऊन टाकलं.

पैशाचं तिनं दोन महिने काढलंच नाही.
मीच विचारलं.
(हे पोलिसांना सांगताना घसा बसला.)
मामाची कंपनी, सोन्याचे व्यवहार, एक ॲप.
पन्नास हजारांचे अठ्ठावन्न झाले.
वरचे काढून बघा ना, म्हणाली.
बिटकोजवळच्या एटीएममधून काढले. सोळा नोटा.
एकेकीवरून अंगठा फिरवला, उजेडात धरली.
खऱ्या. सोळाच्या सोळा खऱ्या,
एखादी माझ्याच हाताखालून गेलेली असेल.
तेवढा पुरावा मला पुरला.

पीएफ, ग्रॅच्युइटी, सुलभाच्या पाटल्या.
सव्वीस लाख.
फोनची काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत,
तिला धागा नाही, तिरपं धरून बघायचं काय?
काढायला गेलो तर आधी कर भरा म्हणाले. भरला.
त्या रात्री साडेआठ वाजले. नऊ वाजले.
मी जेवलो नाही.

सायबरच्या मॅडम बऱ्या होत्या.
म्हणाल्या, काका, बाई नसेलच ती.
परदेशातल्या कुठल्या इमारतीत कोंडलेलं पोर असेल एखादं,
बारा बारा तास टाइप करणारं.
मी विचारलं, त्याला वेळेवर जेवायला देत असतील का?
मॅडमनी अशा काही नजरेनं बघितलं
की मी मुकाट्यानं पुढची तारीख सांगायला लागलो.

काल दसकच्या पुलावर लवटे भेटले.
गालांवर तकाकी, मोबाइल छातीशी.
"गंमत बघा, राँग नंबर होता!
परदेशात वाढलेली, पण मराठी काय अस्सल!"
स्क्रीन माझ्यापुढे धरली,
शेवंताबाई नोट धरायच्या तशी.

जेवलात का?
त्याखाली: पायावर पांघरूण घ्या हं, पहाटे गार पडतं.

एकही चूक नाही.
शाई, धागा, आकडा, सगळं जागच्या जागी.

"खोटी आहे," मी म्हणालो.
"कशावरून?" लवट्यांनी फोन मागं घेतला.

आता छपाई कुणाची, तेही सांगावं लागणार होतं.