काळ्या शाईतली मिरची

नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळत पडली आहे
आणि माझ्याकडे फक्त काळी शाई.
रंगीत परवडणार नाही, हे छापखान्याच्या मुरलीभाईंनी
तोंडाने सांगितलं नाही,
कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला.
आठ पानं. मधोमध दोन पिना.

तर आधी अंगठ्याएवढे चौकोन,
वीजबिलाच्या मागे, शिसपेन्सिलीने.
पहिल्यात अख्खं मैदान, आभाळापर्यंत मिरची,
कोपऱ्यात बाया मुंग्यांएवढ्या.
खोडलं.
असं ड्रोनला दिसतं.
मी पाहिलं ते गोणीच्या उंचीवरून,
चार वर्षांची होते, समोर नुसते गुडघे.
म्हणून मग एक देठ,
नखाखाली तुटता तुटता थांबलेला.
हा राहू दे.

पण लाल कसं सांगायचं?
आडव्या रेघा मारल्या, कोळशाची वखार झाली.
ठिपके दिले, तीळ सांडले.
शेवटी ठरवलं, मिरची काढायचीच नाही.
नाकापर्यंत ओढलेला पदर काढायचा,
आरशात बघून डोळे पुसणारा टेम्पोवाला,
कडेने जाणारी शहाद्याची एसटी,
भर दुपारी जिच्या साऱ्या खिडक्या बंद,
आणि शिंकणारं कुत्रं.
(कुत्र्याच्या शिंकेला चार कागद गेले.)

आईला दाखवलं.
तिने बिल उलटं करून आधी युनिट वाचले,
मग चौकोनांवर बोट ठेवलं:
“हाई बाई खोकलस काब नही?”
आई, चित्रात आवाज नसतो.
“मंग खांदा तरी हालाड.”

एका चौकटीच्या तीन केल्या.
तीच सायत्राबाई, तेच बसणं, तीच टोपली,
फक्त मधल्या चौकटीत खांदा एक रेघ वर.
चौकटींमधल्या पांढऱ्या गल्लीत
आता ज्याने त्याने आपापलं खोकावं.

पाचवं पान उजव्या हाताचं.
त्याच्या तळाशी दार, दारात धावत आलेलं पोर, बस.
पान उलटल्यावरच दिसावी आई:
पोराला कोपरांनी उचललेलं,
दहाही बोटं हवेत, लांब,
दुसऱ्या कुणाची असावीत तशी.
खाली लिहिलं होतं,
‘मिरचीच्या हातांनी ती मला कुरवाळत नसे.’
खोडलं. पुन्हा लिहिलं.
काल रात्री परत खोडलं.

ते पान घेऊन आई दिव्याखाली गेली.
बोटं फार नाजूक काढलीस, म्हणाली,
आणि आपला पंजा कागदाशेजारी टेकवून बसली,
मी नीट काढेपर्यंत.
मध्येच चष्मा काढून तिने डोळे पुसले,
मनगटाने.
पथारी सोडून अकरा वर्षं झाली,
अजून मनगटानेच.
सातव्या पानावर एवढंच येईल.
मनगट, आणि भोवती बरीच जागा.

आठवं कोरं आहे.
मुरलीभाई म्हणतात, मागच्या पानावर
मसाला गिरणीची जाहिरात घेऊ, दीड हजार देतात.
तेवढ्यात एक रंग बसेल, लाल,
पण तो फक्त त्याच पानावर.
आकडा त्यांनी वहीत लिहूनसुद्धा ठेवलाय.
मी त्यांना सोमवारी सांगते म्हटलंय.