आउटपुटची रीळ

दस्तगीर शिकलगार तांब्याची तार गुंडाळायचा.
शंभर वेढे झाले की जैबुन
सुपात एक हळकुंड टाकायची.
चौदा झाली, मधलं टोक बाहेर.
मग परत चौदा.

एक व्हॉल्व ओढतो तेव्हा दुसरा सोडतो,
दोघांना तार सारखी लागते.
नाहीतर भोंगा गुणगुणतो, गाणं नसतानाही,
जसा विट्याच्या उरुसात.
बायस बघितला. कंडेन्सर बदलले.
शेवटी मिरजेत आणून रीळ सोडली:
एका अंगाला शंभर वेढे कमी.

ती भरली त्या दुपारी कोरेगावहून
दुसरी एक तार आली होती,
अम्मा गेल्याची.

तो काही बोलला नाही.
सूप झटकून तिच्यापुढे सरकवलं.

तासगावात, कव्वाल खाकरायच्या आधी,
माइक चालू.
भोंग्यातून नुसती लिंबाची सळसळ.