डीपीचा सा

अमरावतीहून आणली, जुनी, साडेतीन हजारांत.
एसटीत सीटखाली मावेना
म्हणून कंडक्टरने तिचंही अर्धं तिकीट फाडलं.
"काय हाये यात?"
गिटार.
"लाइटीवरची का हातावरची?"
लाइटीवरची.
"मंग तुमच्या गावात कायले नेऊन राह्यला?"

रंग लाल. कंपनीचं नाव खरवडलेलं.
पाठीवर आधीच्या मालकाने खिळ्याने कोरलंय: मयूरी,
आणि त्याच खिळ्याने ते खोडलंय.
बाराव्या घरापुढे प्रत्येक स्वर
थोडा जास्तच बोलतो, आमच्या उपसरपंचासारखा.
स्पीकर भजनी मंडळाचा, एक चॅनल मेलेलं,
दुसऱ्याला खंजिरीची सवय.
शालिकमामा ढोके म्हणाले, ने,
पण गुरुवारी दिवेलागणीला परत पाहिजे.

तारा मिळवायला मोबाइलात सोय असते.
माझ्या मोबाइलचा माइक विहिरीत पडून आलेला.
मी शाळेमागे डीपीखाली जाऊन उभा राहतो.
ती एकच स्वर धरून असते,
रात्रंदिवस, मध्ये श्वास न घेता.
जाड तारेचं तिसरं घर मी तिला मिळवून घेतो,
बाकीच्या पाच मग त्या तारेला.
त्यामुळे जगातल्या गाण्यांशी माझं जमत नाही,
मी सगळ्यांच्या केसभर वर.
असू दे.
आमच्या गावाचा सा दोन खांबांवर टांगलेला आहे.

चण्याला पाणी द्यायच्या दिवसांत
एका रात्री सगळ्या मोटारी एकदम लागल्या
न धप्पकन आवाज झाला.
तेलाचा वास घरोघर.
अकरा दिवस लाइन नाही.

लाइटीवरची गिटार बिनलाइटीची कशी वाजते सांगू?
वाळल्या तुरीच्या शेंगा खिशात घालून चालावं तशी.
वाजवणाऱ्यालाच ऐकू येते,
तेही कुत्री गप्प असली तर.

बाबा सव्वीस वर्षं जिनिंगमध्ये, डबल रोलरपाशी.
पापण्यांवरचा कापूस निघाला, कानातला राहिला.
आता ओठ पाहून ऐकतात.
गिटार त्यांनी दोन वर्षं नुसती पाहिली होती,
पोराच्या मांडीवरची एक लाल वस्तू.

सातव्या रात्री मेणबत्तीपलीकडून उठून जवळ आले.
मशीनचं बेरिंग तपासताना
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लोखंडाला लावायचं
आणि मूठ कानामागच्या हाडाला,
हे त्यांनी मला लहानपणी दाखवलं होतं.
तसेच वाकले.
गिटारच्या शिंगावर जबडा टेकवला.
"वाजव."

गाणं सुचेना. सहा तारा नुसत्या एकामागून एक छेडल्या.
तीन दिवसांची दाढी लाकडावर खरखरली.
डोळे मिटलेले.
मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील.
म्हणाले, "जाडी ढिली हाये.
पाच जणी एका पट्ट्यावर चालून राह्यल्या,
हे एकटीच घसरते."

मी म्हटलं, डीपी नाही, मिळवू कशाशी?
अंधारात त्यांना ओठ दिसले नाहीत.
"कस," म्हणाले. "अजून.
हां.
थांब आता. लागलं वंगण."
आणि डोकं उचलायचं विसरून तसेच राहिले,
मेणबत्ती संपून बशीला चिकटेपर्यंत.

बाराव्या दिवशी ट्रॅक्टरवर नवी डीपी आली.
कोणी नारळ आणला, कोणी हळद.
मी गिटार घेऊन गेलो. दोरखंड सोडणाऱ्या वायरमनने
माझ्याकडे पाहिलं, बोलला काही नाही.
लाइन जोडली. डीपी घुमायला लागली.
जाड तार, तिसरं घर,
बाबांनी कसलेली, मी हात न लावलेली.

डीपीच केसभर खाली निघाली.

खुंटीवरचा हात मी काढून घेतला.
नवी आहे.
बसेल हळूहळू.