कुंपण

सुवैहानच्या रस्त्यावर पहाटे धुकं उतरतं
तेव्हा वाळू आणि हवा
एकमेकींच्या नावाने खोट्या सह्या करतात.

आमच्या गाडीला आठ कॅमेरे,
आठांच्या मागे नखाएवढी एक चिप,
झिरोच्या बल्बहून कमी वीज खाणारी,
पापणी नसलेली.
मी तिला रस्ता शिकवतो:
हा उंट. हा पाण्याचा टँकर.
ही सिमेंटची रिकामी गोणी, वाऱ्याने आणलेली,
हिला भ्यायचं नाही.

गाडी चालवतात नजीर हमदुले, श्रीवर्धनचे,
अठ्ठावीस वर्षं इथल्याच स्टिअरिंगवर.
दर फेरीला त्यांची चिपशी पैज,
आधी कोणाला दिसतं.
उंट तर नेहमी त्यांनाच.
"कुंपण तुटलंय बघ," म्हणतात,
"म्हंजे जनावर अल्याड आलेलं असणार."
मग केव्हातरी पडद्यावर चौकट उमटते,
हजेरी संपल्यावर वर्गात शिरणाऱ्या पोरासारखी.
पैज चहाची. चिप हरली की पैसे मी देतो.

मंगळवारी डाव्या कडेला
एक हिरवी चौकट थरथरली.
खाली अक्षरं: खांब, शून्य पूर्णांक एक्केचाळीस.
"चाचा, खांब आहे."
"इथं खांब नाय," ते म्हणाले,
आणि म्हणता म्हणता ब्रेकवर उभे राहिले.

खांबाने सायकल खांद्यावर घेतली.
हँडलला डब्याची पिशवी झुलत होती.
धुक्याच्याच रंगाची सलवार-कमीज,
दिव्यांच्या उजेडात वर झालेला एक हात,
सलाम होता की माफी, कळलं नाही.
दुभाजकापलीकडे तो पुसला गेला.

इंडिकेटर बराच वेळ टिकटिकत राहिला.
"मना दिसला नाय रे," चाचा म्हणाले.
"खांब नाय, एवढंच माहीत होतं."

दुपारी मुसफ्फाच्या गोदामात केक कापला.
गाड्यांच्या चिपा गेल्या वर्षीच्या दीडपट,
दारावरच्या आणि दुकानांतल्या कॅमेऱ्यांच्या त्याहून जास्त.
भिंतीवरची रेघ चढत चढत
ट्यूबलाइटच्या पट्टीला जाऊन टेकली.
पडद्यातल्या साहेबाने आमच्या पथकाचं नाव घेतलं,
चुकीचं, पण प्रेमाने.
पुढची चिप येते आहे:
निम्मी वीज, दुप्पट नजर.
टाळ्या.

नजीरचाचा दारात उभे, कागदी ताटली हातात,
उन्हाकडे पाठ.
"दुप्पट नजर," त्यांनी विचारलं, "केवढ्याला?"
मी आकडा सांगितला.
बोटावरचं क्रीम पुसत हसले.
"माझ्या मोतीबिंदूपेक्षा स्वस्त पडते की."

लायसनची मुदत महिनाअखेर.
त्याआधी चष्म्याच्या दुकानात तपासणी.
तिथल्या तक्त्याचा फोटो त्यांनी आणवलाय पोराकडून,
पाठ चाललंय नमाजानंतर:
ई. एफ, पी. टी, ओ, झेड.
मला म्हणाले, घे परीक्षा.
मी घेतली. एकही चूक नाही.
शेवटची ओळसुद्धा,
जी मला कधीच वाचता येत नाही.

रात्री मी ती चौकट उघडली.
पर्याय होते: पादचारी, सायकलस्वार, वस्तू, अनिश्चित.
सायकल खांद्यावर घेतलेल्या माणसाचा रकाना नव्हता.
पादचारी केलं. कडा ओढून घेतल्या,
पिशवी आत, हात आत,
चप्पल एकाच पायात होती, तीही आत.
पाठवून दिलं.
आता हा माणूस, ज्याचं नाव मला ठाऊक नाही,
कुठकुठल्या गावच्या गाड्यांत जाऊन बसेल
आणि अपरात्री ब्रेक लावेल.

गुरुवारी पुन्हा सुवैहान. पुन्हा धुकं.
चाचांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली,
स्वतः उजवीकडे जाऊन बसले,
काच खाली केली, बाही गुंडाळली.
"चालव सावकाश," म्हणाले.
"कुंपण मी बघतो."