पट्ट्याला सातवं भोक

पिग्मी गोळा करायला लागले त्या वर्षी
सोसायटीनं फुकट दिली होती एक बॅग,
वर चेअरमनचं नाव, खाली दिवाळीच्या शुभेच्छा.
दसऱ्याच्या आतच तिची चेन दात विचकायला लागली,
आणि खडेबाजारात, ऐन शनिवारच्या गर्दीत,
बूड फाटून एकशे ऐंशीची चिल्लर
गटारापर्यंत घरंगळत गेली.
एक केळीवाला, दोन शाळेची पोरं आणि एक हवालदार
वेचत होते माझ्याबरोबर.
एकशे एकाहत्तर भरले. नऊ पदरचे घातले.

मग कॅम्पात, दस्तगीरचाचांकडं.
ते ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे.
बायकांची पिशवी शिवत नाही, म्हणाले.
म्हटलं, बायकांची नको, पैशांची शिवा.
हसले, थान ओढलं:
उजेडाकडं धर. चांदण्या दिसल्या तर खाली ठेव.
नाही दिसल्या.
आता चोळ.
चोळलं. बोटांना पांढरी पूड.
ही खळ आहे पोरी, दोन धुण्यांत उतरतो हिचा रुबाब.
वरच्या फळीवरून मग काढलं दुसरं,
मातकट, टोचरं,
रेशनच्या पोत्याचा चुलतभाऊ दिसावा असं.
ते घेतलं.
अस्तर लावू दिलं नाही त्यांनी.
अस्तर पहिल्यांदा मालकालाच चोरतं, म्हणाले.

चामडं अथणीचं.
सत्यव्वाला मराठी बाजारापुरतं,
मला कन्नड पिग्मीपुरतं:
नाव, रक्कम, सही, नाळि बर्री.
तिनं पट्टा हातात दिला, वाकवून दाखवला.
वाकला तिथं फिकट झाला,
सोडल्यावर रंग सावकाश परत आला.
जीव ऐति, म्हणाली.
दुसरा होता आरशासारखा चकचकीत;
तिनंच नख मारलं, साल निघाली, आत पुठ्ठा.
हा पुण्याच्या लोकांना.

वजन किती? चार किलो. सोमवारी पाच.
तिनं माझ्या खांद्यावर बोटं टेकवली: तीन.
दोन बोटांचा कापतो, चार बोटांचा घसरतो.
आणि सहा भोकं पाडली आरीनं.

सव्वीस वर्षं.
महिन्यातून एकदा बोटभर एरंडेल, जास्त नाही,
जास्त प्यालेलं चामडं
जास्त प्यालेल्या माणसासारखं लोळतं.
आषाढात बुरशी धरायची, सुक्या फडक्यानं पुसायची,
उन्हाला नाही, सावलीत, खुंटीला, तोंड उघडं ठेवून.
एवढं मी माझ्या गुडघ्यांचं केलं नाही.
तिसऱ्या भोकावर संसार झाला माझा.
वैजयंताच्या वेळी पाचव्यावर गेले,
काविळीत पहिल्यावर.
मारुती गल्लीतला टेलर
ब्लाउजचा डावा खांदा पाव इंच खाली कापतो,
न विचारता.

आता लोक मोबाइल पुढं करतात.
पैसे जातात, आवाज होत नाही.
बॅगेत एक मशीन, चष्मा, डबा, बीपीची गोळी.
हलकी झाली तशी आपटायला लागली मांडीवर,
पहिल्या भोकावर घेतली तरी.
चाचा गेले. दुकानात मुलगा रेक्झिन विकतो.
म्हणून अथणीची बस धरली:
पहिल्याच्याही अलीकडं सातवं पाडून घ्यावं.

सत्यव्वाला आता दिसत नाही.
पट्टा मांडीवर घेतला,
करंगळी एकेका भोकात घालत गेली.
तिसऱ्यात थांबली. ते ओढून लांबट झालंय,
काजूच्या बीसारखं.
इल्ले इद्दी, म्हणाली. इथं होतीस तू.
मी म्हटलं, आता नाही. सातवं पाड.
वजन किती?
सव्वा किलो.
भोक कशाला गं, म्हणाली, वजन घाल की.
आरी हातात घेतलीच नाही तिनं.

बाजारातून तीन किलो गुळाची ढेप घेतली,
घरी एवढा गूळ खातंय कोण.
तिसऱ्या भोकावर बक्कल लावलं,
खांदा आपोआप डावीकडं उतरला
जिथं असायचा तिथं.
बरं झालं.
नवे ब्लाउज टेलरकडं टाकलेत,
त्याला काही सांगायला नको.