उणे तीन

रात्री पावणेदोनला ट्रेसमध्ये सापडलं:
एका घटनेपासून पुढच्या घटनेपर्यंत
पाचशे चौऱ्याऐंशी वर्षं.

मशीन सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली होती.

खिडकीखाली दांडिया बाजार, शटरं ओढलेली,
एक रिक्षा, तिच्यातून बाहेर आलेले झोपलेले पाय.
मी बोटांवर मोजलं.
तेव्हा इथे गायकवाड नव्हते, राजवाडा नव्हता,
आमच्यातलं कुणी विश्वामित्रीचं पाणी प्यायलं नव्हतं,
आणि तिसऱ्या कोअरवर डिस्कची एक विनंती
तेव्हापासून उत्तराची वाट बघत होती म्हणे.

कर्नल बिचारा नीट चालला होता.
खोटं बोलत होतं त्याच्यावर नजर ठेवणारं हत्यार.

मी ती हत्यारं दुरुस्त करते.
समोरच्या रश्मिकाबेन समजतात
मी कुठल्यातरी रिटायर्ड कर्नलकडे कामाला आहे,
आणि तो फार रात्री-अपरात्री बोलावतो.

पपांना मात्र समजावावं लागलं नाही.
एकतीस वर्षं वीज मंडळात, मीटर टेस्टिंगला.
मंद चकतीचे, उलट्या चकतीचे,
एकात तर पालीची अंडी.
"मीटरही थोडी वीज खातो," म्हणायचे,
"तेवढी माफ. पण किती, ते ठाऊक हवं."

आधी मी सगळे करतात तेच केलं.
जिथे संशय, तिथे एक ओळ छापायला लावली.
चूक गेली.
ओळ काढली, चूक हजर.
काळ्या घोड्याजवळच्या पुलावर
स्कूटर लावून लोक मगर बघायला वाकतात ना,
तसं. वाकलं की खाली नुसता पाण्याचा रंग.
तीन रात्री.

चौथ्या दुपारी पपांना गोळी दिली,
औषधांची वही उघडली, घड्याळ बघितलं: दोन पाच.
तेवढ्यात बेल.
रश्मिकाबेन, हातात सेव-उसळीचा डबा,
"तमारे त्यां लाइट छे?"
गेले, त्यांचा फ्यूज बसवला, आले.
मधल्या वेळात पपांनी वही ओढून
थरथरत्या अक्षरात स्वतःच लिहिलं होतं:
दोन वीस, पाणी एक ग्लास.
त्याच्या खाली मी
डोक्यात धरून ठेवलेलं उतरवलं:
दोन पाच, गोळी.

पेनाचं टोपण लावता लावता हात थांबला.

वेळ आधी घेतली. जागा नंतर.
मधे इंटरप्ट आला, आपलं लिहून गेला,
आणि नव्या वेळेच्या खाली जुनी जाऊन बसली.
वजाबाकी: उणे तीन नॅनोसेकंद.
पण त्या रकान्याला उणे माहीतच नाही.
शून्याखाली पाय घसरला
की तो सरळ वरच्या टोकाला जातो
आणि तिथून सांगतो, पाचशे चौऱ्याऐंशी वर्षं,
चेहऱ्यावर काही न दाखवता.

दुरुस्ती सहा ओळींची.
जागा धरताना विचार, मधे कुणी येऊन गेलं का?
गेलं असेल तर हातातली वेळ टाकून दे,
घड्याळ पुन्हा बघ.

रात्रभर चालवलं. अकरा कोटी घटना,
सगळ्या आपापल्या पायरीवर.

सकाळी पपांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.
"म्हणजे गोळी दोन पाचला घेतली,
आणि वहीत लिहायचं दोन पंचवीस?"
हो, म्हटलं. क्रम वाचतो. वेळ जरा सरकते.
"जरा म्हणजे किती?"
चाळीसेक नॅनोसेकंद. कधी साठ.
ते बराच वेळ दाराबाहेरच्या मीटरकडे बघत राहिले,
डिजिटल आहे आता, चकती नाही,
एक लाल ठिपका लुकलुकतो.

"माफ," म्हणाले.
"पण लिहून ठेव."

म्हणून कोडमध्ये त्या सहा ओळींच्या वर
सातवी आहे, मशीन ती वाचत नाही.
तिच्यात आकडा आहे.